फेन्नाच्या पुड्या

फेन्नाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती टेबलावर वाकून एका जुन्या पुस्तकाच्या पानावर खोडरबर फिरवत होती. इतकी हळू, की मला वाटलं बाई बसल्याबसल्या झोपलीय. मी खाकरले. तिने मान वर न करता म्हटलं, "नवी आहेस ना? दार लाव. वारा येतोय."

आमची ओळख झाली ती अशी. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

आमचं गाव आयसेल नदीच्या काठावर, आणि गावाच्या ग्रंथालयात जुन्या, दुर्मीळ पुस्तकांची एक वेगळी खोली. मी तिच्या दाराशी बसायचे. येणाऱ्याचा कोट आणि पिशवी ठेवून घ्यायची, पेन काढून घ्यायचं, पेन्सिल हातात द्यायची, आणि कोणी जरा जोरात श्वास घेतला तरी "शू" करायचं. शू करण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. फेन्ना आतल्या खोलीत पुस्तकं दुरुस्त करायची. फाटलेलं जोडायची, सुटलेलं शिवायची, आणि मुख्य म्हणजे मळलेलं स्वच्छ करायची. तिच्या हातून गेलेलं पुस्तक असं उजळायचं की मोठमोठे प्राध्यापक तिला पत्रं लिहायचे.

पण बाईला एक खोड होती. आमचे जुने साहेब, आता नाहीत बिचारे, त्यांचा एक नियम होता: पुस्तकातून जे पडेल ते पुस्तकाचं, ते केरात जाता कामा नये. वाळलेलं फूल, केस, मेलेली माशी, सगळ्याची पुडी बांधायची, वर नंबर घालायचा. साहेब गेले आणि सगळे तो नियम विसरले. फेन्ना नाही विसरली. ती तर पानावरून निघालेल्या रबराच्या काळ्या चुऱ्याचीही पुडी बांधायची. अहो, चुऱ्याची!

"उद्या शिंकलीस तर त्याचीही पुडी बांधशील तू," मी म्हणायचे.

"कुठल्या पानावर ते सांग, बांधते."

या पुड्या ठेवायला तिला डबे लागायचे. साडेदहाला आमची कॉफी. प्रत्येकी एक दालचिनीचं बिस्कीट, की डब्याचं झाकण बंद. दुसरं मागायची आमच्याकडे पद्धत नाही. डबा रिकामा झाला की फेन्ना तो उचलून तळघरात न्यायची. घरी शिवणाचं सामान ठेवायला मलाही एखादा हवा असायचा, पण बाई देईल तर शपथ!

मग दिवस बदलले. सगळ्या पुस्तकांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर घातले आणि प्राध्यापकांनी यायचंच सोडलं. घरी चपला घालून बसून पाहायला मिळतंय म्हटल्यावर इथे कशाला तडफडत येतील? आठवडे आठवडे खोलीत चिटपाखरू नसायचं. शू करायचं तरी कोणाला? ही खोली आता बंद होणार म्हणून मी धसकाच घेतला होता. तेवढ्यात नव्या मुख्य बाई आल्या आणि त्यांनी दारं सताड उघडली. बुधवारी शाळेची पोरं, गुरुवारी बेकरीवाले, जुन्या पाककृती शोधायला. साबणाने हात धुवा आणि खुशाल हात लावा म्हणे! मी कपाळाला हात लावला. चारशे वर्षांच्या पुस्तकाला नाक लावून एक पोरगी म्हणाली, "माझ्या आजोबांच्या सायकलखोलीसारखा वास येतो." आता खरं सांगायचं तर मला ते बुधवार आवडायला लागलेत. पण तेव्हा मी फेन्नाकडे जाऊन थयथयाट केला होता. ती म्हणाली, "हात लावल्याशिवाय पोरांना कळणार कसं, रेन्स्के?"

यंदा फेब्रुवारीत लीके आली. विद्यापीठातली संशोधक, ताडमाड उंच पोरगी, हातात एक यंत्र. फेन्ना जूनमध्ये निवृत्त होणार होती. लीकेला आमचं प्रार्थनेचं पुस्तक हवं होतं. तळहाताएवढं, कातड्याच्या पानांचं, पाचशे वर्षांपूर्वी आमच्याच गावातल्या बायकांच्या हातांतून फिरलेलं. ते फेन्नाने अठरा वर्षांपूर्वी एक अख्खा हिवाळा खपून स्वच्छ केलं होतं. तिच्या सगळ्या कामांत तिचं सगळ्यात लाडकं. म्हणून ते तिने स्वतः आणून लीकेपुढे ठेवलं आणि शेजारी उभी राहिली.

लीकेने एक पान उघडलं, मग दुसरं, मग भराभर दहा-बारा. तिचा चेहरा उतरला.

"हे कोणी पुसलं?"

"मी," फेन्ना म्हणाली. अजून हसतच होती.

"अरेरे," लीके म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती कानापर्यंत लाल झाली. "माफ करा, म्हणजे... पानाच्या कोपऱ्यावर अंगठा टेकतो ना, तिथला मळ मोजायला आले होते मी. जे पान जास्त काळं ते जास्त वाचलेलं. प्लेगची साथ आली त्या वर्षात या गावाने सगळ्यात जास्त कोणती प्रार्थना म्हटली, ते त्यावरून कळलं असतं. आता सगळीच पानं सारखी आहेत."

फेन्नाने मान हलवली. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती कॉफीला आली नाही. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी मीच कप घेऊन आत गेले. टेबल मोकळं होतं. रबर खणात ठेवून दिलेला. फेन्नाचं टेबल मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तीनशे बारा पुस्तकं, रेन्स्के," ती म्हणाली. "तीनशे बारा पुस्तकांतून माणसं पुसून टाकली मी. वर शाबासकीची पत्रं घेतली."

"अगं, तेव्हा सगळे तेच करायचे! तुला काम सांगितलं, तू केलंस."

"सगळे करत होते म्हणून रबर काही आपोआप फिरत नव्हता. हात माझाच होता." तिने कप हातातही घेतला नाही. "निरोपाचा समारंभ वगैरे काही ठेवू नका. मी येणार नाही. आणि तळघरात ते डबे आहेत ना, तिथे पोरांसाठी खोली करायचीय, तर फेकून दे ते. मी मेल्यावर कोणी उघडून हसायला नको."

मला तिचा राग आला. लीकेचा तर त्याहून. आणि सगळ्यात जास्त माझाच, कारण त्या पुड्यांना सगळ्यात जास्त हसले होते ती मी. पण सांगितलं ते करायचं म्हणून गेले तळघरात. एक्केचाळीस डबे! ढकलगाडीवर चढवून मागच्या अंगणात आणले, तोवर कंबर मोडली.

आता आमच्याकडे डबा तसाच पिंपात टाकता येत नाही. पत्रा एका पिंपात, कागद दुसऱ्यात. चुकलात तर समोरच्या खिडकीतली बाई पडदा सारून बघत बसते. म्हणजे प्रत्येक डबा उघडून रिकामा करणं आलं. मी करवादत पहिला डबा उघडला.

आत पुड्या, विटांसारख्या एकीला एक लावून बसवलेल्या. एक उचलली. वर फेन्नाचं बारीक, सरळ अक्षर: प्रार्थनेचं पुस्तक, पान त्रेचाळीस, उजवा खालचा कोपरा, चौदा जानेवारी. दुसरी: पान चव्वेचाळीस, उजवा खालचा कोपरा. इतकी वर्षं त्या पुड्या डोळ्यांसमोर होत्या, पण मी वाचली एकही नव्हती. मी काही शिकलेली बाई नाही, पण एवढं मलाही कळलं. मळ गेला कुठे होता? इथेच तर होता. पानापानाचा, कोपऱ्याकोपऱ्याचा, तारखेसकट.

मी डबा बगलेत मारला आणि धावत सुटले. वाचनाच्या खोलीत शिरले आणि ओरडले, "लीके! अगं लीके!" दोन वाचक दचकून उठले. सव्वीस वर्षं मी लोकांना गप्प केलं त्या खोलीत.

लीकेने एक पुडी उघडली, दुसरी नुसती वाचली, आणि ती चक्क जमिनीवर बसली. "हे तुम्ही फेकत होतात?"

"मी नाही गं, ती!"

आम्ही दोघी फेन्नाकडे गेलो. लीके एका दमात सांगत सुटली: पान खरवडून तपासायला कोणी परवानगी देत नाही, पण रबराला जे चिकटलं ते सगळं, मेण, कातडं, माणसांच्या हातांचं काहीबाही, अजून चुऱ्यात असणार. फेन्नाने ऐकून घेतलं. "मला बरं वाटावं म्हणून बोलत असशील तर नको बोलूस," ती म्हणाली. "चार महिने उरलेत, तेवढे मी निमूट काढीन."

"मग तपासू दे तरी!" मीच खेकसले. "इतकी वर्षं जपलंस ते आता दोन मिनिटांत फेकायला निघालीस? डोक्यात राख घालून घेऊ नकोस!"

तिने माझ्या बगलेतला डबा काढून लीकेपुढे सरकवला. मग म्हणाली, "ने."

पुड्या प्रयोगशाळेत गेल्या. पुस्तकांना हात लावणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या गालांच्या आतून काडी फिरवून नमुने घेतले, म्हणजे आमचं काय आणि जुन्यांचं काय ते वेगळं करता येईल. एप्रिलमध्ये लीकेचा फोन आला, हॅलोसुद्धा न म्हणता सांगत सुटली. प्रत्येक पुडीत दालचिनी सापडलीय! त्या काळी, इतक्या गरीब घरांत दालचिनी, म्हणजे केवढा मोठा शोध!

"बाळ," मी म्हटलं, "ते डबे बिस्किटांचे आहेत. आणि ते धुऊन द्यायचं काम माझं होतं."

फेन्नाला हे सांगितलं तेव्हा ती किती आठवड्यांनी हसली. पण समारंभाला अजून नाहीच म्हणत होती.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी, तिच्या शेवटच्या दिवशी, लीके साडेदहाच्या कॉफीला हजर झाली. हातात कागद. फेन्ना अगदी कडेच्या खुर्चीत, कोट अंगावर घालूनच बसली होती.

"सगळ्यात काळा चुरा पान त्रेचाळीसचा," लीकेने सांगितलं. "बाकीच्या सगळ्यांच्या दुप्पट. आणि ती साथीची प्रार्थना नाहीच. दातदुखीची आहे."

आम्ही सगळे खो खो हसलो. गावात मरणाची साथ, आणि आमच्या पणज्या गाल धरून दाताची प्रार्थना म्हणतायत! पण फेन्ना हसली नाही. ती पुढे सरकून बसली. "बिचाऱ्या," ती म्हणाली. "किती ठणकत असेल."

मग हळूच तिने विचारलं, "म्हणजे मी पुसलं नाही?"

लीके खोटं बोलणारी पोरगी नाही. "पुसलंत," ती म्हणाली. "पण फेकलं नाहीत. असं दुसऱ्या कोणीच केलेलं नाही. मी आजवर सतरा ग्रंथालयांत विचारून आले."

फेन्नाने डोळे पुसले, कोटाच्या बाहीनेच.

"आणखी एक," लीके म्हणाली. "कितीतरी जणींच्या खुणा आहेत, कोणाची इथे, कोणाची तिथे. पण एक बाई मात्र प्रत्येक पुडीत आहे. एकही पुडी तिच्याशिवाय नाही."

"कोण गं?" फेन्नाने विचारलं.

"गालातून फिरवलेली काडी तुम्हीही दिली होतीत ना? तिच्याशीच जुळतेय ती."

फेन्ना आपल्या हातांकडे बघत राहिली. उघड्या हातांनीच काम करायची ती नेहमी, हातमोज्यात पान कळत नाही म्हणायची. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते की काय, पण नाही, हसत होती.

"जन्मभर लोकांचा मळ काढला," ती म्हणाली, "आणि निघाला माझाच!"

तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, डबा पुढे ओढला आणि दुसरं बिस्कीट घेतलं. मी झाकण लावलं नाही.