धरणारी

माझ्या मोठ्या जावेच्या अंगात देवी येते, याचा मला बावीस वर्षं मत्सर वाटत होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना लाज कमी वाटेल. आमचं गाव कोकणात, घर मुलुंडला. नवरात्रात अष्टमीच्या आरतीला झांजांचा जोर वाढला की वैनी घुमू लागायच्या. आमच्याकडे त्याला अवसार म्हणतात. मग सासूबाईंसकट सगळे त्यांच्या पाया पडायचे, प्रश्न विचारायचे. माझं काम ठरलेलं. मागे उभं राहायचं, त्यांच्या बांगड्या काढून ठेवायच्या, पदर खोचायचा आणि त्या कोसळल्या की डोकं फरशीवर आपटू न देता धरायचं. उपवास दोघी सारखेच करायचो, उलट माझा एक जास्तच. मग देवीला मीच का दिसत नाही, या विचाराने अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका वर्षी मी ढोंग केलं. केस सोडले, डोळे फिरवले, घुमले. सासूबाई हात जोडून पुढे आल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तुम्ही काळजी करू नका." देवी कधी कुणाला अहो-जाहो करते का? वैनींच्या तोंडून ती सासूबाईंना 'गो पोरी' म्हणायची. माझ्यातली सून काही केल्या जाईना. नणंद पदरात तोंड खुपसून हसली. वैनी मात्र पुढे आल्या, "तिका चक्कर इली, पाणी हाडा," म्हणाल्या आणि मला आत घेऊन गेल्या. त्यांनी झाकून घेतलं, याचाच मला जास्त राग आला. पुढच्या अष्टमीला मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. वैनी कोसळल्या, कपाळ फुटलं, चार टाके पडले. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही.

त्यानंतरच्या जानेवारीत मी बेनिनला गेले. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात आमचे हे काजूच्या व्यापारातल्या एका कंपनीत नोकरीला आहेत. कंपनीचे साठीचे ड्रायव्हर तिथल्या भारतीय शेटलोकांकडून हिंदी शिकलेले. त्यांनी आम्हाला समुद्राकाठी वोदून, म्हणजे आपण ज्याला वूडू म्हणतो, त्या देवांच्या सणाला नेलं. टाचण्या टोचलेल्या बाहुल्या बघायला मिळणार, या भीतीने मी घरूनच अंगारा लावून निघाले होते. तिथे बघते तर ढोल, पांढऱ्या कपड्यातल्या बाया आणि त्यांतली एक घुमत असलेली. अगदी आमची अष्टमी. आणि खरं सांगते, हजारो मैल लांब येऊन, त्या अनोळखी बाईचाही मला हेवा वाटला.

घुमता घुमता ती गर्दीकडे झेपावली आणि नेमकी माझ्या अंगावर कलंडली. मी विचार केलाच नाही. एक हात तिच्या बगलेखाली गेला, दुसरा डोक्यामागे. तिच्या मागून एक म्हातारी धावत आली. तिने माझ्या हातांकडे नीट पाहिलं, खांद्यावरचं पांढरं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि काहीतरी विचारलं. ड्रायव्हर म्हणाले, "वो पूछती है, तुम घर में किसको पकड़ती हो?"

मी भारतातली, पाहुणी, पहिल्यांदाच आलेली, यातलं तिने काहीच विचारलं नाही. मला रडू फुटलं. "माझ्या जावेला," मी मराठीतच सांगितलं. हा योगायोग होता की निरोप, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. ते फडकं मी घरी आणलं.

यंदा अष्टमीला मी आपणहून वैनींच्या मागे उभी राहिले. कपाळावरचा व्रण कुंकवाखालून दिसत होता. अवसार आला, ओसरला, त्या माझ्या हातांत कोसळल्या. आत नेऊन मी त्या फडक्याने त्यांचा घाम पुसला, पाणी पाजलं आणि सगळं कबूल केलं, स्वयंपाकघरातल्या त्या अष्टमीसकट.

"माका तेवाच समाजला होता," त्या म्हणाल्या. मग दरवर्षीसारखं विचारलं, "काय बोललंय गो मी?"

मी सांगितलं.

"तुझा बरा आसा. तू तिका इतक्या जवळून बघतंस. माका काय्येक आठवणा नाय. मी तिका एकदाय बघूक नाय." आणि लहान मुलीसारखं विचारलं, "कशी आसता गो ती?"

बावीस वर्षं देवी माझ्याच हातांत येऊन जात होती, आणि मी तिच्या मागे उभी राहून तिची वाट बघत होते.