सीटमावशी

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशीचं खरं नाव बसमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. सकाळच्या बसला ती सगळ्यांची सीटमावशी. कोणी तान्हं बाळ घेऊन चढलं, कोणी आजोबा काठी टेकत आले, की मावशीची तोफ सुरू.

"ए लंबू, मोबाइलमध्ये मान घातलीस म्हणून आम्ही काय गायब झालो? ऊठ!"

लंबू हसत उठायचा. मावशी ओरडायची, पण तिचं ओरडणं कोणाला लागत नसे. उलट उठणाऱ्यालाच दिवसभर आपण भला माणूस असल्यासारखं वाटायचं.

पूर्वी लोक तिलाही जागा देत. "मला कशाला? मी काय म्हातारी झाले?" असं म्हणून ती त्या जागेवर दुसऱ्यालाच बसवायची. वर्षानुवर्षं हेच. शेवटी लोकांनी विचारणं सोडलं. मावशीला उभं राहायलाच आवडतं, अशी अख्ख्या बसची पक्की समजूत झाली. आता यात लोकांना तरी काय बोल लावायचा?

यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला. लॉन्ड्रीतलं दिवसभराचं उभं राहणं ती कसंबसं निभावून नेत होती, पण त्याआधी बसमध्ये तासभर लटकत यायचं म्हणजे इस्त्री हातात घेण्याआधीच डोळ्यांत पाणी. आणि त्या कामावर तर तिचा जीव. गरम चादरीची कोपऱ्याला कोपरा लावून घडी बसली की ती स्वतःवरच खूश व्हायची. तरी एके संध्याकाळी तिने घरी सांगून टाकलं, "महिनाअखेर काम सोडते."

सून भाजी निवडत होती. "अहो, बसमध्ये जागा मागा की."

"मी मागू? लोक काय म्हणतील?"

"जगासाठी तोंडाचा पट्टा चालतो आणि स्वतःसाठी मूग गिळून बसता. कमाल आहे बाई तुमची!"

मावशीला राग आला. खरं बोललं की येतोच.

दुसऱ्या दिवशी बस खच्चून भरलेली. मावशीने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. दुसऱ्यासाठी भांडणारी ती बाई, आणि आज साधा शब्द फुटेना. तेवढ्यात ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, गुडघ्यात कळ उठली आणि मावशी सवयीनेच कडाडली, "अरे, उठा रे कोणीतरी! या बाईला उभं राहवत नाहीये!"

चौघे ताडकन उठले. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"कुठली बाई, मावशी?" लंबूने विचारलं.

"ही काय," मावशी छातीवर हात ठेवून म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "मीच."

मग लंबूने तिची पिशवी घेतली, हाताला धरून तिला आपल्या जागेवर बसवलं. "आधी सांगायचं ना हो," एवढंच तो म्हणाला. मावशीला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

पुढच्या स्टॉपला एक आजी चढल्या. मावशी लगेच उठायला लागली.

"खाली बसा!" अख्खी बस ओरडली.

आणि लंबू मागच्या चष्मेवाल्याकडे वळला. "ए चष्मिस, मोबाइलमध्ये मान घातलीस म्हणून आम्ही काय गायब झालो? ऊठ!"

महिनाअखेर आली आणि गेली. काम सोडायचं मावशीने नावही काढलं नाही.