मेथीवालीचा हप्ता

मेथीवालीला हळू बोलताच येत नसे. आमच्या अमरावतीच्या गल्लीत गिऱ्हाईकाने जुडी उलटीपालटी केली, की ती हिसकून घेई. "पानं मोजून राहिले का? द्या इकडे!" तरी बाया तिच्याकडूनच भाजी घेत.

नवऱ्याशी पटेना म्हणून दोघं वेगळी झाली. तो मालाचा ऑटो घेऊन अकोल्याला आईकडे गेला. ऑटोचं कर्ज बचत गटाचं, हिच्या नावावर. म्हणजे ऑटो त्याच्या बुडाखाली आणि हप्ता हिच्या डोक्यावर. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या बायांनी भरायचा, असा गटाचा नियम. हिने तो कोणावर पडू दिला नाही. सकाळी भाजी विकली, दुपारी लोकांची भांडी घासली. मला म्हणायची, "नवरा सोडला काकाजी, हप्ता नाही सोडता येत."

गटाची बैठक आमच्याच ओसरीवर भरायची. माझी बायको अध्यक्ष होती. एकदा वसुलीचा साहेब म्हणाला, नवरा मेला तर विम्यातून कर्ज माफ होतं, पळाला तर नाही. एक बाई म्हणाली, "मंग त्याले एखादा ट्रक पाहून दे नं वो!"

"तो कायचा मरते! मीच मरीन हप्ते भरू भरू."

माझी बायको पोट धरून हसली होती. पुढे तीच गेली. मी ओसरीवरची बैठक बंद करायला निघालो, तर मेथीवाली अंगावर आली. "मंग काय भिताडाशी बोलसान? येऊ द्या बायाईले." बैठक चालू राहिली. घरात माणसांचा आवाज राहिला.

मग तिचा नवरा खरंच मेला. साहेब म्हणाला, मृत्यूचा दाखला आणा, राहिलेलं माफ. बाया म्हणाल्या, "सुटली माय तू!" ती हसली नाही. दाखला आणायला अकोल्याला गेली आणि रिकाम्या हातांनी आली.

"त्याची माय गळ्यातच पडली, काकाजी. म्हने, माह्या पोरासाठी रडाले कोनीतरी आलं. आता तिले कोन्या तोंडानं सांगू, का मी कागदासाठी आली?"

मी खेकसलो, "येडी हायेस का? मेलेल्याचं कर्ज कोनी भरते?"

"भरीन मी."

आणि भरलं. शेवटचा हप्ता टाकला तेव्हा साहेब म्हणाला, आता मोठं कर्ज घ्या मावशी. "तुह्या बायकोच्या नावावर घे," ती म्हणाली. बाया हसल्या. मीही हसलो, बायको गेल्यावर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी, हातात पिशवी.

"अकोल्याले चालली, काकाजी. म्हातारी एकटीच हाये. चूल पेटवत नाही म्हनते."

एकटं म्हातारं माणूस या घरातही आहे, हे अगदी ओठावर आलं होतं. पण तिच्या पायात चप्पल होती, रिक्षा थांबली होती.

म्हणालो, "जाय माय. गाडी सुटन."