जावेच्या हातातलं घड्याळ

बाळकुमला राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला तिच्या मुलाने स्मार्टवॉच घेतलं. आता भजनात ती देवापुढेही मनगट मिरवते. परवा भजन संपल्यावर म्हणाली, "बघा जाऊबाई, आज किती चालले!" बया जागची हललीही नव्हती. नुसत्या टाळ्या वाजवल्या, त्या घड्याळाने पावलं म्हणून धरल्या. मी रोज भाजीची पिशवी घेऊन पायी येते, ते कोण मोजतं?

घरी मुलाला म्हटलं, "ती घड्याळं अजून घेण्यासारखी नाहीत. खोटं सांगतात."

"बरं झालं बोललीस, आई. तुझ्यासाठी बघतच होतो. आता राहू दे."

जावेच्या मुलाने तिला विचारलंसुद्धा नव्हतं. सरळ आणून हातावर बांधलं होतं.