मोरव्याच्या अंगणातला पाऊस

मोरव्यातल्या पंढरीनाथची अर्धी हयात मिठागरात पावसाला शिव्या घालण्यात गेली. मिठागर बंद पडलं, आणि नशिबाची थट्टा अशी की त्याच्याच अंगणात सरकारी माणसांनी पाऊस मोजायचं नळकांडं बसवलं. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. कोरड्या दिवशी शून्य लिहायचं. कुलदीपच्या, म्हणजे लेकाच्या लग्नातही वऱ्हाड खोळंबलं होतं ते त्या शून्यासाठी.

पुढे कुलदीपने घराला लागून असलेली जमीन बिल्डरला दिली. पंढरीनाथने मुकाट सही केली. आता घरात त्याच्या शब्दावर चालणारी एवढी एक वहीच उरली होती.

२००९ साली पावसाने ओढ दिली, तेव्हा धरणांवरच्या ढगांत विमानातून मिठाची पूड फवारायचं ठरलं.

"मिठानं पाऊस पारतील?" बायको रखमाबाई हसली. "आनि तुमी जन्मभर त्याच मिठाला पावसापासून झाकीत बसलात!"

फवारणीमुळे किती पाऊस वाढला हे कळायला, जिथे फवारणी नाही तिथले मागचे आकडेही ताडून बघावे लागतात. त्यासाठी मोरव्याची वही निवडली होती. ती तपासायला हवामान खात्याच्या रसिका मॅडम आल्या. त्यांनी वहीआधी वर बघितलं. पश्चिमेला चार मजली इमारत अंगणावर झुकल्यासारखी उभी होती.

"काका, ही कधी झाली?"

"आताच. मे महिन्यात भिंती लागल्या. त्याआधी नुसते खांब होते."

"पाऊस अडवतेय ही. यंदाचे आकडे गेले. पण आधीची वर्षं धरता येतील. नळकांडं मागे परसात हलवू, तुम्हीच बघा पुढे." त्यांनी वही उघडली. "फक्त नक्की सांगा हं. गेल्या वर्षीचेही चुकीचे असतील, तर सलग दोन वर्षांचा खंड पडेल, मग हे ठिकाणच यादीतून काढावं लागेल."

पंढरीनाथने दाराकडे पाहिलं. गेल्या आषाढात रखमाबाईनेच सांगितलं होतं, "मागं माझा घमेला काठोकाठ भरलाय, आनि तुमच्या मापात बोटभर पानी. बिल्डिंग खाते पाऊस." तो खेकसला होता, "घमेल्यानं पाऊस मोजतात का?" पण दुसऱ्या दिवशी गुपचूप परसात जाऊन बघून आला होता. तरी वही तशीच चालू ठेवली. सांगितलं तर नळकांडं जाईल, ही धास्ती.

आज रखमाबाई दारात उभी होती आणि चकार शब्द बोलत नव्हती. एरवी ती अशी संधी सोडणारी नव्हे. तिने टोमणा मारला असता, तर तो खोटं रेटून बोलला असता.

"भिंती मागच्याच वर्षी लागल्या," तो म्हणाला. "आषाढापासून आकडा खोटा हाय. माझ्या ध्यानात आलं होतं."

"मग कळवलं का नाहीत, काका?"

त्याने वहीतलं त्या आषाढाचं पान काढून दिलं. रसिका मॅडमनी त्या आषाढापासून पुढे पानापानावर आडवी लाल रेघ मारली. माप सरकारी होतं, ते परत द्यायचं होतं. रखमाबाईने ते धुऊन, पदराने पुसून त्यांच्या हातात दिलं. नळकांडं उपटून गाडीत गेलं. अंगणात सिमेंटचा ओटा तेवढा राहिला.

संध्याकाळी कुलदीप आला. ओट्याकडे बघून म्हणाला, "बरं झालं, बाबा. हा फोडतो आता. बाईक लावायला जागा होईल."

पंढरीनाथने आतून पहार आणून दिली.