न फाटलेल्या पट्ट्या

सिरिल गॅदरकोलचा उजवा गुडघा स्थिर राही तो फक्त विमानात. पाय जमिनीला टेकला की त्याचं हलणं सुरू. नॉरफोकच्या बेकरीत लहानपणी त्याच्यापायी टेबलावरचे पाव घसरत. आता, एकोणीसशे चाळीसच्या शरदात, महायुद्ध चालू असताना, केंटमधल्या लढाऊ विमानांच्या तळावर उड्डाणाच्या घंटेची वाट पाहताना शेजाऱ्यांचा चहा बशीत सांडे. लोक त्याच्याजवळ बसेनासे झाले होते.

गेले तीन आठवडे तर गुडघ्याला झोपेतही चैन नव्हतं. एका दिवसात तीन बॉम्बफेकी विमानं पाडल्याबद्दल उद्या त्याला शौर्यपदक मिळणार होतं. पदक अडकवायचा छोटा हुक शिंप्याने कोटावर लावूनही दिला होता. आई केक घेऊन आली होती. दोन महिन्यांची रेशनची साखर त्यात गेली होती.

पहिली दोन त्याने सकाळच्या उड्डाणात पाडली होती. पण दुपारचं तिसरं विमान त्याचं नव्हतं.

प्रत्येक उड्डाणाआधी बंदुकांच्या तोंडांवर लाल कापडाच्या नव्या पट्ट्या चिकटवतात. पहिल्याच गोळीला त्या फाटतात. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या दुपारी सिरिल खाली उतरला, घाईघाईने अहवालावर सही करून बाहेर आला, तर बंदुका सांभाळणारा कॉर्पोरल पिंचन विमानाच्या पंखापाशी डोकं खाजवत उभा.

"साहेब, नुसतीच हवा खाऊन आलात वाटतं?"

आठही पट्ट्या शाबूत होत्या. वर थंडीने बंदुका गोठल्या होत्या. सिरिलने बटण दाबलं होतं खरं, पण इंजिनाच्या थरथराटात बंदुका हादरल्या नाहीत हे कळलंच नाही. समोरचं विमान पेटलं ते मागून येणाऱ्या सार्जंट हॉबडेच्या गोळ्यांनी. लगेच हॉबडेचंही विमान पेटलं. तो हवाई छत्रीने उतरला खरा, पण दोन्ही हात भाजले होते. त्याला लेखणी धरवेना, आणि त्याचा अहवाल लिहून घ्यायला इस्पितळात कोणी गेलंच नाही.

समारंभाच्या आदल्या रात्री सिरिल रात्रभर खोलीत फेऱ्या मारत राहिला. पहाटे पिंचनने काढून ठेवलेल्या त्या पट्ट्या त्याच्याकडून मागून घेतल्या आणि कमांडरच्या टेबलावर मांडल्या.

कमांडरने त्यातली एक उचलून उलटसुलट पाहिली. "गॅदरकोल, पाहुणे दहाला येणार आहेत. हे तुला उद्या नसतं का आठवता आलं?"

"उद्या मग आठवलंच नसतं, सर."

नाव पदकाच्या यादीतून गेलं. मग सिरिलने आईला खरं काय ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि केकचा डबा उचलला. "तो मुलगा कुठल्या इस्पितळात आहे?"

दुपारी ती हॉबडेच्या खाटेवर बसून त्याला घास भरवत होती. त्याचे दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे दिसत होते. सिरिल खाटेच्या पायगतीला बसून हॉबडेचा अहवाल लिहून घेत होता.

"सर," तोंडातला घास गिळत हॉबडे म्हणाला, "विमान माझं, ठीक आहे. पण तेवढा गुडघा आवरा. खाट हलतेय."

सिरिलने दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. तशी लेखणी खाली पडली.