दोरी माझ्या हातात होती

मी परंड्याचा. पोहायला शिकलो विहिरीत आणि नेव्हीनं धाडलं पाणबुडीवर. गावात अजून विचारतात, "खिडकी असती का वो तिला?" नसते. वर येऊन डिझेल इंजिनांनी बॅटऱ्या भरायच्या, खाली जाऊन त्यांच्यावरच चालायचं. बॅटरी गेली की खेळ खलास.

मी पेटी ऑफिसर. माझ्या हाताखाली जळकोटचा दत्ता, लीडिंग इलेक्ट्रिशियन. बाप विहिरी खोदणारा.

लढाईचे दिवस होते. दुपारी दोनला शत्रूचं जहाज डोक्यावर आलं. हुकूम आला, "सायलेंट रूटीन!" पंप, पंखे, बोलणं, सगळं बंद. दोन चाळीसला पाइपाच्या जोडातून समुद्राचं पाणी फळ्यांखालच्या बॅटऱ्यांवर झिरपू लागलं. खारं पाणी बॅटरीत गेलं की विषारी क्लोरीन गॅस होतो. पंप लावावा तर वरच्यांना ऐकू जाणार.

"फडक्यानं टिपतो, अण्णा," दत्ता कुजबुजला. "कमरंला दोरी बांधा."

"मास्क?"

"घालून बॅटऱ्यांवरच्या फटीत शिरता यायचं न्हाय."

आमच्याकडे गाळ काढायला विहिरीत उतरणाऱ्याला दोरी बांधतात. वरच्यानं हलवायची. खालून एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा. तेच ठरलं. तो फडकी बादलीत पिळायचा, मी बादली ओढून घ्यायचो.

तीन वाजता दोरी हलवली. एक झटका. तीन दहाला एक. ब्लीचिंग पावडरीसारखा वास आता मलाही येत होता. कॅप्टननं कानाशी विचारलं, "इज ही ऑल राइट?" मी अंगठा वर केला. नाक सांगत होतं ते मी ऐकलं नाही, दोरीवर विसंबलो.

तीन वीसला एक झटका. तीन पंचवीसला जहाज लांब गेलं, पंप सुरू झाला. दोरी हलवली. काहीच आलं नाही.

ओढून बाहेर काढला. खोकला वर ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं एक फडकं तोंडात कोंबलं होतं. बॅटऱ्या कोरड्या होत्या. आम्ही बाकीचे सगळे घरी आलो.

जळकोटला जाऊन दोरीचं सांगितलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "दोरी कुणाच्या हातात व्हती?"

"माझ्या."

"झटके किती दिले?"

"एक. दर वेळी एकच."

म्हातारा म्हणाला, "मग खोटं बोललं पोरगं. काम अर्धं टाकून वर यायचं त्याला कवाच जमलं न्हाय."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. मी तिथंच ओट्यावर बसून रडलो.

लोक खिडकीचं विचारतात. मी त्यांना दत्ताचं सांगतो.